धोटा, संगणक आणि गटार : यंत्राच्या इतिहासात आपली जागा

१

“संगणकाच्या देखभालीचे काम शिकावे की न शिकावे?” हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला अनेक तरुणांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक आपल्या वस्त्यांतले आहेत. कोणी आयटीआयमधून ‘कोपा’ केलेला, कोणी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र खिशात घेऊन फिरणारा, कोणी पुण्याच्या हिंजवडीत रात्रपाळीला परदेशी माणसांच्या तक्रारी ऐकणारा. त्यांच्या कानावर आले आहे की हे काम आता यंत्रच करणार. तक्रार यंत्र ऐकणार, उत्तर यंत्र देणार आणि दुरुस्तीही यंत्रच करणार. मग आपण काय करायचे?

मी स्वतः एका जिल्ह्याच्या गावी कंत्राटदाराच्या पदरी अकरा वर्षे हेच काम केले. कचेरीतील टेबलाखाली शिरून तारा शोधणे, धूळ झाडणे, अडकलेला कागद छपाईयंत्रातून ओढून काढणे, साहेबांचा विसरलेला पासवर्ड बदलून देणे. त्यामुळे या प्रश्नाला कोरडे उत्तर देणे मला शक्य नाही. पण केवळ अनुभव सांगूनही भागणार नाही. ‘यंत्र आले, आता काम जाणार’ हे वाक्य आपल्या समाजाने पहिल्यांदा ऐकलेले नाही. माझ्या आजोबांनी ते परळच्या गिरणीत ऐकले. माझ्या मामांनी ते बँकेत ऐकले. मी ते आज ऐकतो आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला पाहिजे, असे मला वाटते.

२

प्रथम गिरणीकडे वळू. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होता, पण तो सर्व खात्यांत नव्हता. रिंग खात्यात तो होता, झाडूवाला म्हणून होता, ओझी वाहणारा म्हणून होता. साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, त्याला प्रवेश नव्हता. विणकराचा पगार अधिक होता आणि त्याला मानही अधिक होता. अस्पृश्याला तेथे न घेण्याचे कारण असे सांगितले जाई : धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. तेव्हा महाराच्या तोंडाचा धोटा मराठ्याने तोंडाला कसा लावायचा?

हे कारण वरवर धर्माचे दिसते. परंतु येथे यंत्राचाही एक प्रश्न आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही. तोंडाने दोरा ओढण्याची पद्धत आरोग्याला घातक आहे, अशी ओरड इंग्लंड-अमेरिकेतही झाली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असे धोटे कायद्याने बंद केले. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे बनत होते. म्हणजे विटाळाची अडचण सोडविणारे यंत्र जगात उपलब्ध होते. ते यंत्र मुंबईच्या मालकांनी अस्पृश्य कामगारासाठी आणले नाही. आणा, असा आग्रह सवर्ण विणकरानेही धरला नाही. विटाळाची अडचण विणकराच्या सोयीची होती. अधिक पगाराच्या खात्याचे दार त्या अडचणीने आपोआप बंद राहत होते.

याच गिरण्यांत १९२८ साली वेगळ्या प्रकारची यंत्रसुधारणा मात्र मालकांनी तत्परतेने आणली. तिला त्यांनी ‘रॅशनलायझेशन’ असे भारदस्त नाव दिले. तिचा अर्थ एवढाच की दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन-चार चालवावेत आणि रिंग खात्यातील एका माणसाने दुप्पट चात्या सांभाळाव्यात. त्याविरुद्ध सुमारे सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना जो प्रश्न विचारला तो आजही ताजा आहे. तुम्ही साऱ्या कामगारांच्या एकजुटीची भाषा करता. मग साचे खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला उघडे करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? पुढे १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला तेव्हा त्यांना कामगारद्रोही म्हटले गेले. परंतु १९३८ साली हेच बाबासाहेब औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवून दिले होते. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणूनच का राहतो, त्याला साधा पोर्टरही का होता येत नाही, याचाही हिशेब त्यांनी तेथे मांडला. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरात काम करावे लागे आणि घरात अस्पृश्य चालत नसे, हे त्याचे उत्तर होते.

यातून एक सूत्र हाती लागते. यंत्र कोणाची नोकरी घेईल हे केवळ यंत्रावर अवलंबून नसते. यंत्र येण्यापूर्वी कोणाला कोणत्या पायरीवर उभे केले होते, यावर ते अवलंबून असते.

३

आता संगणकाकडे येऊ. संगणकाच्या देखभालीचा धंदा आपल्या देशात खाजगी कंपन्यांनी उभा केला, अशी आजच्या तरुणांची समजूत आहे. ती खरी नाही. पूर्वी अमेरिकेची आयबीएम कंपनी आपली यंत्रे येथे भाड्याने देई आणि त्यांची देखभालही स्वतःच करी. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी मालकी चाळीस टक्क्यांवर आणण्याचा आग्रह सरकारने धरला. आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ साली तिने येथून गाशा गुंडाळला. मग तिची यंत्रे सांभाळायची कोणी? त्यासाठी भारत सरकारची एक कंपनी तयार होती. तिचे नावच ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ असे होते. डिसेंबर १९७५ मध्ये ती स्थापन झाली होती आणि पुढे ‘सीएमसी’ या नावाने ओळखली गेली.

म्हणजे या देशात संगणकाच्या देखभालीचे काम संघटित स्वरूपात अंगावर घेणारी एक प्रमुख संस्था सरकारी मालकीची होती. आयबीएमची यंत्रे तिने चालू ठेवली. रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था ऐंशीच्या दशकात तिने उभी केली. तिकिटासाठी खिडक्या-खिडक्यांवर उभे राहणाऱ्या कोट्यवधी माणसांचे हाल त्यामुळे कमी झाले. मुंबई शेअर बाजाराची १९९५ ची संगणकीय व्यवस्थाही तिनेच बसविली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की केंद्राच्या मालकीचा उपक्रम म्हणून राखीव जागांचे धोरण तिला लागू होते. संगणकाचे यंत्र आणि राज्यघटनेचे कलम सोळा ही दोन्ही एकाच छपराखाली होती.

ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्र सरकारने सीएमसीचे एक्कावन्न टक्के भाग टाटा सन्सला १५२ कोटी रुपयांना विकले. २०१५ साली ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीत विलीन झाली. हा व्यवहार वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर निर्गुंतवणुकीचे यश म्हणून छापला गेला. त्या दिवशी आपल्या मुलांच्या वाट्याच्या किती संभाव्य जागा विकल्या गेल्या, हा हिशेब त्या पानांवर नव्हता. आपल्या पानांवरही तो फारसा आला नाही, ही आपली चूक आहे. आपण सरकारी शिपायाच्या आणि कारकुनाच्या जागेसाठी लढत होतो. संगणकाकडे आपण ‘त्यांचे’ यंत्र म्हणून पाहत होतो.

४

बँकांची कथा थोडी निराळी आहे. १९६९ साली चौदा आणि १९८० साली सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर बँकेच्या काउंटरमागे पहिल्यांदा आपला माणूस बसलेला दिसू लागला. जिच्या पायरीवर उभे राहायला आजोबा कचरले असते, त्या बँकेत नातू खातेवही लिहू लागला. माझे मामा त्यांपैकी एक. त्यांच्या पहिल्या पगारात आमच्या घरी विजेचे मीटर आले. एका कारकुनाच्या नोकरीतून तीन भावंडे शिकली. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचा मध्यमवर्ग अशाच नोकऱ्यांतून उभा राहिला.

त्याच काळात यंत्राची चाहूल लागली. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याविरुद्ध साठच्या दशकात कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यात, तीव्र लढा दिला होता. अशा विरोधामुळेच केंद्राने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँक मालक आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्रे किती आणि कोठे बसवायची याला मर्यादा घातली गेली. १९८४ च्या रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला. संघटनांचा भर एका गोष्टीवर होता : नोकरीत असलेल्याला काढू नये.

ही मागणी रास्त होती, परंतु ती अपुरी होती. बसलेल्याची खुर्ची वाचली आणि येणाऱ्याची खुर्ची नाहीशी झाली. यंत्रामुळे माणसे काढली जातातच असे नाही. अनेकदा ती नुसती घेतली जात नाहीत. निवृत्त झालेल्या कारकुनाची जागा भरली जात नाही, जाहिरात निघत नाही. २०००-२००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सरकारी बँकांतील सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. काउंटरमागच्या अनेक खुर्च्यांचे काम एटीएमने आणि संगणकाने उचलले. आता विचार करा, जी जागा जाहीरच झाली नाही तिच्यात राखीव टक्का कसा मोजायचा? भरायच्या राहिलेल्या जागेचा अनुशेष काढता येतो, त्यासाठी न्यायालयात जाता येते. निर्माणच न झालेल्या जागेचा अनुशेष नसतो. घटनेतील कलम जागच्या जागी राहते आणि त्याच्या पायाखालची जमीन निघून जाते. यंत्राने राखीव जागांवर उघड हल्ला केला असता तर आपण मोर्चे काढले असते. हा हल्ला बिनआवाजी होता.

५

सरकारी दार अरुंद झाले तेव्हा आपली मुले खाजगी दाराकडे वळली. संगणकाच्या क्षेत्रात जात नाही, तेथे फक्त गुणवत्ता पाहतात, असे त्यांना सांगण्यात आले. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दलित नावाच्या अर्जांना बोलावणी लक्षणीय कमी आली आणि मुसलमान नावाच्या अर्जांना त्याहूनही कमी. त्याच वेळी कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. ‘आम्ही जात विचारत नाही, फक्त घरची पार्श्वभूमी विचारतो’ अशी त्यांच्या बोलण्याची धाटणी होती. वडील काय करतात, घरी कोण शिकलेले आहे, कोणत्या शाळेत होता! पूर्वीचा धोटा तोंडाला लागत होता, हा कानाला लागतो. तोंडातून निघणाऱ्या इंग्रजीच्या उच्चारावरून कोण कोणत्या खात्यात जाईल हे ठरते.

आणि खाती तेथेही आहेत. संगणक-सेवेच्या धंद्यात तक्रारींच्या पातळ्या असतात. पहिल्या पातळीवरचा माणूस फोन घेतो, तक्रारीला नंबर देतो, लिहून दिलेल्या यादीप्रमाणे प्रश्न विचारतो, पासवर्ड बदलतो, बंद पडलेले खाते उघडतो. त्याला न सुटणारी तक्रार दुसऱ्या पातळीवर जाते आणि तेथे न सुटणारी तिसऱ्या पातळीवर. त्याच्याही वर यंत्रणा रचणारे असतात. या उतरंडीच्या अगदी खाली, फोनवरही नव्हे तर टेबलाखाली, आम्ही होतो. सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, इस्पितळांत आम्हाला ‘संगणकवाला’ म्हणत. आमचे नाव हजेरीपटावर नसे. ते कंत्राटदाराच्या वहीत असे. एका कचेरीत तर अकरा वर्षांत माझे आडनाव एकदाच विचारले गेले. ते ऐकल्यावर चहाचा कप बदलला गेला. त्यानंतर मी डबा आणि पाण्याची बाटली घरूनच नेऊ लागलो.

गावपातळीवरही हेच झाले. २०११ साली महाराष्ट्रात ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले. त्यावर बसणारा मुलगा मात्र पंचायतीचा नोकर नव्हता. तो कंपनीमार्फत नेमलेला होता. थकलेल्या मानधनासाठी या संगणकचालकांनी वारंवार मोर्चे काढले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत सरकारी कामासाठी माणसे घेण्याचा निर्णय काढला आणि विद्यार्थ्यांच्या संतापानंतर तो ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. निर्णय मागे घेतला गेला म्हणून पद्धत संपली असे नव्हे. पंचेचाळीस दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीलाही राखीव जागांचे धोरण लागू आहे, असे केंद्राचे म्हणणे आहे. परंतु एजन्सी पुरवते ती ‘नेमणूक’ नसते, ती ‘सेवा’ असते. सेवेला जात नसते, असे कागद सांगतो. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार निदान गिरणीचा बदली होता. आमच्या मुलाला तेवढेही म्हणता येत नाही.

६

या पार्श्वभूमीवर आजचे स्वयंचलन पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ नंतर भाषा जाणणारी, प्रश्नाला उत्तर देणारी संगणकीय यंत्रे सर्वांच्या हाती आली. त्यापूर्वीही पासवर्ड आपला आपण बदलण्याची सोय होती, दूरवरून शेकडो संगणकांवर एकाच वेळी दुरुस्ती पाठविण्याची सोयही होती. आता तक्रार समजून घेऊन तिचे उत्तर शोधण्याचे कामही यंत्र करू लागले आहे. यात सर्वांत आधी कोणती पातळी जाते? पहिली. यादीप्रमाणे विचारायचे आणि यादीप्रमाणे सांगायचे, एवढेच काम ज्याला दिले आहे त्याची जागा यादी वाचणारे यंत्र घेणारच.

सीएमसीला पोटात घेतलेल्या त्याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या पातळीवरची माणसे अधिक होती, आणि याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असा तिचा खुलासा होता. तो खुलासा आपण जसाच्या तसा धरला तरी, सुरक्षित मानली गेलेली नोकरी सुरक्षित नाही, एवढे त्यातून कळते.

काही लोक आम्हाला दिलासा देतात. यंत्र फोनवर बोलेल, पण तुटलेली तार कशी जोडेल? छपाईयंत्रातला कागद कसा काढेल? तुमचे हाताचे काम टिकेल. हे खरे आहे. टेबलाखालचा माणूस आणखी बरीच वर्षे लागणार आहे. पण हात टिकतो म्हणून हाताची किंमत टिकते असे नाही. पूर्वी टेबलाखालच्या मुलाला फोनवरच्या खुर्चीत बसण्याची आशा होती. फोनवरच्याला दुसऱ्या पातळीची आशा होती. माझ्याबरोबर काम करणारी दोन मुले अशीच वर गेली. रात्री-अपरात्री तक्रारी ऐकता-ऐकता ती यंत्रणा शिकली, कारण दुसरी शाळा त्यांना परवडणारी नव्हती. ज्याच्या घरी संगणक आहे, बाप इंजिनिअर आहे, इंग्रजी पाळण्यात मिळाले आहे, तो थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेऊ शकतो. आपल्या मुलाला शिडी लागते, आणि यंत्र शिडीची खालचीच पायरी काढून घेत आहे. टेबलाखालचा टेबलाखाली राहील आणि वरचा वर. मधला जिना मोडला की उतरंड पक्की होते. चातुर्वर्ण्य याहून निराळे काय होते?

आणखी एक धोका आहे. नोकरीचे अर्ज निवडण्याचे कामही आता यंत्राकडे जात आहे. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. मोठ्या अमेरिकन कंपनीतील असे एक यंत्र बायकांच्या अर्जांना कमी गुण देत होते, हे २०१८ साली उघड झाले, कारण त्याला शिकविलेल्या जुन्या नोंदी बहुतेक पुरुषांच्या होत्या. आपल्या देशातील जुन्या नोंदी कोणाच्या आहेत हे सांगण्याची गरज नाही. ‘घरची पार्श्वभूमी’ विचारणाऱ्या साहेबाला निदान आपण ओळखू शकत होतो. यंत्राला कोण जाब विचारणार?

७

तर मग यंत्राला विरोध करावा काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. बाबासाहेबांनी हे उत्तर १९४५ सालीच दिले आहे. काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या त्यांच्या ग्रंथात चरखा आणि खेड्याकडे परत जाण्याच्या विचाराचा त्यांनी समाचार घेतला. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत आणि संस्कृती देण्यासाठी यंत्र हवे, असे त्यांचे म्हणणे होते. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या खाजगी मालकीत ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी घटनेतच घालण्याचा आग्रह धरला. ज्यांच्या पूर्वजांनी जन्मभर हाताने मेलेली ढोरे ओढली आणि डोक्यावर मैला वाहिला, ते यंत्राचे शत्रू कसे होतील? हस्तश्रमाचे गोडवे गाण्याची चैन ज्यांनी कधी हस्तश्रम केले नाहीत त्यांनाच परवडते.

आणि येथेच या साऱ्या इतिहासातील सर्वांत कडू गोष्ट दिसते. पासवर्ड बदलणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आणण्यासाठी जगातील भांडवल पाण्यासारखे ओतले जात आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आणण्याची मात्र कोणालाही घाई नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत. मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. म्हणजे यंत्र आहे, जसा हाताने ओवण्याचा धोटा १९११ साली होता. धोटा आला नाही, कारण अस्पृश्याचे तोंड दूर ठेवायचे होते. गटाराचे यंत्र सर्वदूर पोहोचत नाही, कारण त्या माणसाचा जीव यंत्राच्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे. यंत्र कोठे येते आणि कोठे येत नाही, हे विज्ञान ठरवीत नाही. नफा ठरवितो आणि जात ठरविते.

८

म्हणून ज्या मुलांनी मला प्रश्न विचारला त्यांना माझे सांगणे असे आहे. संगणक सोडू नका, पण यादी वाचणारे होऊ नका. प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊन जाळे कसे चालते, माहिती कोठे साठते, ती सुरक्षित कशी राहते, यंत्र चुकते तेव्हा का चुकते, हे शिका. यंत्राची चूक पकडणारा माणूस पुढेही लागणार आहे. आपले शिक्षक आणि आपल्या समाजातले संगणक-अभियंते यांनी सुटीच्या दिवशी वस्तीतील बुद्धविहारात हे शिकवावे. पहिली पायरी बाजाराने काढून घेतली असेल तर ती आपण बांधली पाहिजे. बोर्डिंगे काढून आपल्या मागच्या पिढ्यांनी हेच केले होते.

परंतु एकेकट्याच्या अभ्यासाने हा प्रश्न सुटणार नाही, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. सरकारी कचेरीतील संगणकाची देखभाल हे कायम स्वरूपाचे काम आहे. त्याला कायम जागा हवी आणि तिला राखीव टक्का हवा. कंत्राटदारामार्फत घ्यायचेच असेल तर तो टक्का कंत्राटाच्या अटीत लिहिला गेला पाहिजे. सरकारी काम, सरकारी जमीन आणि सरकारी सवलत घेणाऱ्या कंपनीने आपल्याकडे कोणत्या पातळीवर कोण आहे याचा तपशील जाहीर केला पाहिजे. अर्ज निवडणाऱ्या यंत्राची तपासणी झाली पाहिजे. पुणे, बंगळूर, चेन्नई येथे संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत, त्यांत आपण गेले पाहिजे. बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांना विचारलेला प्रश्न तेथे पुन्हा विचारला पाहिजे : तुमच्या मागण्यांत आमच्यासाठी बंद असलेल्या खात्याचे दार आहे काय? आणि यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येक व्यासपीठावर आपली पहिली मागणी एकच असावी : यंत्र आधी गटारात उतरवा, मग कचेरीत आणा.

माझे आजोबा रिंग खात्यात राबले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. संपात गिरणी बुडाली तेव्हा ते म्हणाले, “साचे खात्यात शिरायला आपल्याला साठ वर्षं लागली. शिरलो, तवर साचाच गेला.” संगणकाच्या बाबतीत माझ्या नातवाला हे वाक्य पुन्हा म्हणावे लागू नये. दार उघडेल तेव्हा आत काही शिल्लक असले पाहिजे. तेवढ्यासाठी हा इतिहास आपण आजच वाचला पाहिजे.